मृतसाठा

नदीचा रंग. गेलेल्या गोष्टींची यादी इथूनच सुरू करावी लागते, कारण कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबूस. ॲरिझोनातल्या पेज गावाबाहेर ही नदी घोड्याच्या नालासारखी वळते, त्या जागेला हॉर्सशू बेंड म्हणतात. अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेल्या आई-वडिलांच्या फोनमध्ये तिचा फोटो हमखास असतो, कड्यापासून दोन हात मागे उभं राहून काढलेला. फोटोतलं पाणी हिरवं, जुन्या सोडावॉटरच्या बाटलीसारखं. दाखवणारा म्हणतो, रंग बघा काय आहे! रंग आहे खरा, पण तो नदीचा नाही. तिथून आठेक किलोमीटर वर ग्लेन कॅन्यन धरण आहे. तांबडा गाळ धरणाच्या पाठीशी बसतो आणि खाली सुटतं ते निवळलेलं पाणी.

पाण्याचा ऋतू. धरणाआधी ही नदी हिवाळ्यात गोठायच्या बेतात असे आणि भर उन्हाळ्यात अंघोळीला घ्यावी इतकी कोमट. पुढे जलाशयाच्या खोलातलं पाणी टर्बाइनमधून यायला लागलं आणि बारा महिने गारठा. बाहेरून आणून सोडलेला ट्राउट त्यावर पोसला. इथले मूळचे मासे मात्र गढूळ पाण्यात वाढलेले. त्यातला कोलोरॅडो पाइकमिनो माणसाच्या उंचीएवढा व्हायचा. ग्रँड कॅन्यनमधून तो गेला. आता तळं उतरलंय, वरचं ऊन खाल्लेलं पाणी टर्बाइनच्या तोंडापर्यंत आलंय, त्यामुळे खाली नदी पुन्हा कोमट होते. पण त्या पाण्यासोबत मूळचे मासे आले नाहीत. २०२२ साली आला तो त्यांची पिल्लं खाणारा स्मॉलमाउथ बास, धरणाच्या आरपार.

हे सगळं ज्याच्यापायी घडलं त्याचं नाव लेक पॉवेल. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर, वाळवंटातल्या तांबड्या कातळाच्या अरुंद कॅन्यनमध्ये अडवलेलं पाणी. जलाशय भरला की तीनशे किलोमीटर लांब, म्हणजे मुंबईहून पुण्याला जाऊन परत या. आपल्या हिशेबात सांगायचं तर मूळची साठवण सुमारे १,१७५ टीएमसी, अकरा कोयना. आणि मुख्य दरीला दोन्ही बाजूंनी मिळणाऱ्या घळी इतक्या, की काठ मोजला तर तीन हजार किलोमीटरच्या वर जातो. महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या साडेतीनपट.

१५ ऑक्टोबर १९५६ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून तारयंत्राची कळ दाबली आणि सुमारे तीन हजार किलोमीटरवर, कॅन्यनच्या भिंतीत पहिला सुरुंग उडाला. १३ मार्च १९६३पासून पाणी अडायला लागलं. त्याच सप्टेंबरात ७१० फूट उंचीच्या भिंतीचं शेवटचं काँक्रीट पडलं. काठोकाठ भरायला मात्र सतरा वर्षं गेली. २२ जून १९८० हा तो दिवस. इतक्या सावकाश बुडण्याची एक गंमत अशी, की गावकऱ्यांनी आणि होडीवाल्यांनी एकेक घळ, एकेक कमान नावानिशी जाताना पाहिली. या वर्षी हिच्या पायरीला पाणी लागलं, पुढच्या वर्षी कंबरेला, त्याच्या पुढच्या वर्षी तिथून होडी गेली.

तहातली अट. धरण खरं तर दुसरीकडेच गाजत होतं. वर डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटच्या हद्दीत एको पार्क इथे धरण बांधायचं घाटत होतं. सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेच्या डेव्हिड ब्राउअर यांनी त्याविरुद्ध रान उठवलं आणि एको पार्क वाचवलं. तडजोडीत ग्लेन कॅन्यनच्या धरणाला विरोध राहिला नाही. ब्राउअर यांनी ग्लेन कॅन्यन तोवर पाहिलंच नव्हतं. पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. जन्मभर ते ही चूक उगाळत राहिले. १९६३ साली, पाणी चढत असताना, सिएरा क्लबने एलियट पोर्टर यांच्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं. कुणालाच माहीत नसलेली जागा, अशा अर्थाचं त्याचं नाव.

ते नाव मला खटकतं. आपल्याकडे धरण म्हटलं की आधी धरणग्रस्त आठवतात: गाव, देऊळ, गावकी, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा ते आपलं म्हणणारी माणसं हयात असतात. गोव्यात साळावलीच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी मे महिन्यात उघडं पडलं की लोक आपापल्या घराच्या चौथऱ्यावर जाऊन उभे राहतात. ग्लेन कॅन्यनमध्ये बुडायला मोठी वस्ती नव्हती, म्हणून ती जागा कुणाचीच नव्हती, असं ठरलं. पण पेज गाव वसलं ते पठार नवाहो लोकांचं होतं. सरकारने ते घेऊन बदल्यात युटात दुसरी जमीन दिली. कॅन्यनची एक कड नवाहोंच्या हद्दीला लागून आहे. सॅन हुआन आणि कोलोरॅडो यांचा संगम त्यांच्या लेखी पवित्र. तोही पाण्याखाली. संगम बुडवणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

पाऊलखाचा. हजारेक वर्षांपूर्वी या घळींतून मका पिकवणारे लोक राहत. उभ्या कातळात चढायला त्यांनी खाचा कोरल्या: चवडा टेकेल एवढ्या, आत किंचित खोलगट, एक डावीकडे, एक उजवीकडे. चढायला सुरुवात करताना कुठलं पाऊल आधी टाकायचं हेही ठरलेलं. चुकलं की मधेच पाय अडकतात आणि ना वर जाता येत, ना खाली. धान्याच्या कणग्या कपारीत, माकडालाही सहज पोचता येऊ नये अशा जागी, मातीने लिंपलेल्या. त्या लिंपणावर बोटांचे ठसे. १९५७ ते १९६३ या काळात युटा विद्यापीठ आणि म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाच्या मंडळींनी, मागे पाणी लागलेलं असताना, दोन हजारांवर स्थळांची नोंद केली. कणसं, चपला, खापरं उचलून नेली. खाचा काही उचलून नेता येत नाहीत.

पाद्र्यांचा उतार. १७७६ साली दोमिंगेस आणि एस्कलांते हे दोन स्पॅनिश पाद्री सांता फेहून कॅलिफोर्नियाची वाट शोधायला निघाले. वाट काही सापडली नाही. परत फिरताना ही नदी आडवी आली. कित्येक दिवस उतार सापडेना. शेवटी ७ नोव्हेंबरला जनावरं उतरवण्यासाठी त्यांच्या माणसांनी कातळात पायऱ्या तासल्या आणि ते पार झाले. ती जागा आता पाद्रे बे या विस्तीर्ण पाण्याच्या तळाशी आहे. नकाशात नाव उरलं, पायऱ्या गेल्या.

खडकातलं भोक. १८७९च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाची अडीचशे माणसं ऐंशीहून अधिक गाड्या घेऊन नव्या वसाहतीसाठी निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास सहा महिने चालला. नदीच्या कड्याला एक चीर होती, ती सुरुंग लावून रुंद केली. बाजूच्या कातळात भोकं पाडून त्यात लाकडी मेखा ठोकल्या, त्यावर झाडोरा टाकला आणि गाड्यांची एका बाजूची चाकं त्यावरून, दुसऱ्या बाजूची खडकावरून अशा जवळजवळ उभ्या उताराने गाड्या खाली सोडल्या. मागून दोर धरलेले. एकही माणूस दगावला नाही, उलट वाटेत दोन मुलं जन्मली. त्या वाटेचा वरचा भाग अजून दिसतो. तळाचा भाग पाण्यात.

सोनं. म्हणजे नसलेलं सोनं. १८८३ साली कॅस हाइट नावाचा माणूस इथे आला आणि नदीच्या वाळूत त्याला कण सापडले. होते खरे, पण मैद्यासारखे बारीक, पाण्यावर तरंगून जाणारे. १९००च्या सुमाराला रॉबर्ट स्टँटन यांनी वाळू उपसायला भलंमोठं यंत्र सुट्या भागांत रस्त्याने ओढून आणून नदीत जोडलं. त्यातून शंभर डॉलरचंही सोनं निघालं नाही. यंत्र तिथेच गंजत पडलं, आणि पुढे तेही बुडालं.

त्या कॅस हाइटच्या नावाची वसाहत झाली. तिथे १९४६ साली आर्थर चॅफिन यांनी फेरीबोट सुरू केली, जुन्या मोटारीच्या इंजिनावर चालणारी, तारेला धरून नदी ओलांडणारी. ५ जून १९६४ला ती बंद झाली, मग हाइट बुडालं. नाव वाया घालवायचं नाही म्हणून जलाशयाच्या वरच्या टोकाला नवं हाइट उभारलं: होड्यांचा धक्का, पेट्रोल, दुकान. पुढे पाणी मागे सरलं आणि हेही कोरडं पडलं. आज तिथल्या काँक्रीटच्या उतारावरून खाली चालत गेलं तर पाणी लागत नाही, झुडपं लागतात. एकच नाव एकदा बुडून गेलं आणि एकदा वाळून.

जेरुसलेम. हो, तेही या यादीत आहे. जॉर्ज स्टीव्हन्स यांनी ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’साठी पेजजवळच्या वाहवीपला जेरुसलेमचा सेट उभारला होता. चित्रपट १९६५ साली पडद्यावर आला. सेटची जागा पुढे पाण्याने घेतली. काही वर्षांनी ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चं अंतराळयान जे पाण्यात कोसळतं ते पाणी याच जलाशयाचं. उजाड, तांबडं, माणसाची खूण नसलेलं परग्रहावरचं सरोवर हवं होतं, आणि ते तयारच मिळालं.

आता तळ्याची बाजू. ती सांगितल्याशिवाय यादी खोटी ठरेल. मी स्वतः कॅन्यनवाल्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच कबूल करतो, पण या तळ्याचा आनंद लटका नव्हता.

फ्लॉइड डॉमिनी हे १९५९ ते १९६९ या काळात ब्यूरो ऑफ रेक्लमेशनचे प्रमुख. धरणं बांधणारं हे खातं. त्यांनी १९६५ साली लेक पॉवेलवर एक चित्रमय पुस्तिका काढली. तिचा सूर असा, की जिथे मूठभर धाडसी लोक जात तिथे आता सामान्य माणूस बायकोमुलांसह जाऊ शकेल. ते खरंही झालं. रेनबो ब्रिज ही २९० फूट उंचीची दगडी कमान पाहायला आधी तापलेल्या खडकांतून मैलोन् मैल चालावं लागे. मग होडी थेट जवळ जायला लागली. व्हीलचेअरवरची आजी, कडेवरचं मूल, सगळ्यांनी कमान पाहिली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना केदारनाथ घडवणाऱ्या डोलीवाल्याला जसं आपण नावं ठेवत नाही, तसंच हे. १९७२ साली सभोवतालचा प्रदेश ग्लेन कॅन्यन नॅशनल रिक्रिएशन एरिया म्हणून जाहीर झाला. २०२३ साली तिथे पन्नास लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या.

हाउसबोट. केरळची डोळ्यांसमोर आणू नका. ही म्हणजे पाण्यावरचा फ्लॅट: चार-पाच खोल्या, फ्रीज, गॅसची शेगडी, गच्चीवरून थेट पाण्यात सोडणारी घसरगुंडी. मागे दोरीला छोटी मोटारबोट बांधलेली. युटातली कुटुंबं अशी एक बोट भागीत घेतात, वर्षातला आठवडा वाटून. ठरलेली घळ, ठरलेली वाळूची पट्टी, रात्री शेकोटी. मुलं भल्या सकाळी, वारा सुटायच्या आत, पाणी आरशासारखं असताना वॉटर-स्की करायला उठतात. दुपारी स्ट्राइप्ड बासचा थवा वर आला की आरडाओरड. संध्याकाळी तांबडा कडा पेटल्यासारखा होतो आणि सगळे गप्प. पन्नास-पन्नास वर्षं एकाच घळीत येणारी घरं आहेत. आजोबांनी ज्या खडकावरून उडी मारली त्याच खडकावरून नातवाने मारायची, हा तिथला संस्कार.

तो खडक आता पाण्यापासून फार उंच आहे.

पांढरा पट्टा. बोअरच्या पाण्याने बादलीला क्षार धरतो ना, तसा. जलाशयभर, प्रत्येक घळीत, पाण्याच्या पातळीला समांतर. तांबड्या कातळावर चुन्याची रेघ मारावी तशी, फक्त रेघेची उंची अठरा मजल्यांची. २०००च्या आसपास दुष्काळ लागला तो हटलाच नाही. एप्रिल २०२३मध्ये पाणी समुद्रसपाटीपासून ३,५२० फुटांच्या आसपास होतं. भरलेली पातळी ३,७०० फूट. साठा जेमतेम २२ टक्के. पट्ट्याच्या वर कातळावर काळपट ओघळ दिसतात, लोखंड आणि मँगनीज यांचा थर, हजारो वर्षांत जमलेला. पट्ट्याच्या खाली ते नाहीत. पट्ट्याला हात लावला की खरखरीत, पापुद्रे सुटणारा. कपारीत नखाएवढे क्वाग्गा शिंपले घट्ट चिकटलेले, मेलेले, अनवाणी पायाला कापणारे. मूळचे ते युक्रेनच्या नदीतले, कुणाच्या तरी होडीला चिकटून या वाळवंटात आले. २०१२-१३मध्ये ते इथे सापडले, आणि तेव्हापासून तळ्यातून बाहेर पडणारी प्रत्येक होडी तपासून, पाणी निथळवून सोडावी लागते.

जवळची वाट. वाहवीपच्या धक्क्यावरून मुख्य जलाशयात शिरायला कॅसल रॉक कट नावाची फट आहे. पाणी असलं की बारा मैलांचा फेरा वाचतो. पाणी उतरलं की तिथे कोरडी खिंड. ती खोदून खोदून खोल केली, पाणी पुन्हा तिच्या खाली गेलं.

डँगलिंग रोप. म्हणजे लोंबता दोर. रस्ता नसलेला, फक्त पाण्यातून पोचायचा पेट्रोलपंप. तिथलं सॉफ्टी आइस्क्रीम तळ्यावर प्रसिद्ध. चाळीस मैल उन्हातून होडी हाकत येऊन, होडीत पेट्रोल आणि पोरांच्या हातात कोन, असा रिवाज. २०२१मध्ये वाऱ्याने मोडतोड झाली, पाणीही उतरलेलं, आणि तो उघडलाच नाही. त्याच जुलैत वाहवीपच्या मुख्य उतारावरून हाउसबोटी पाण्यात सोडणं थांबवावं लागलं. उतार संपत होता आणि पाणी अजून खालीच.

तीन धुराडी. पेजजवळची नवाहो जनरेटिंग स्टेशनची, प्रत्येकी ७७५ फूट, २,२५० मेगावॅटच्या कोळशाच्या विजेची. पाणी याच तळ्याचं. नोव्हेंबर २०१९मध्ये वीजकेंद्र बंद झालं, पुढच्या वर्षी डिसेंबरात धुराडी सुरुंगाने पाडली. पाहायला गर्दी जमली होती. बहुतेक नोकऱ्या नवाहोंच्या होत्या, त्याही गेल्या. आणि जाता जाता एवढं सांगायला हवं, की अकरा कोयनांचं पाणी ज्यांच्या उंबऱ्याशी अडवलं त्या नवाहो नेशनमधल्या सुमारे तीस टक्के घरांना आजही नळ नाही. पिकअपमध्ये टाकी ठेवून मैलोगणती पाणी आणतात. हाउसबोटीवरच्या घसरगुंडीला पंपाने पाणी असतं.

धरणाची खात्री. ही १९८३ साली गेली. त्या वर्षी बर्फ उशिरा आणि एकदम वितळलं. जलाशय आधीच भरलेला. जूनमध्ये सांडव्याच्या बोगद्यातून पाणी सोडलं तर आतून गडगडाट यायला लागला, आणि तोंडातून पाण्याबरोबर काँक्रीटचे तुकडे व तांबडे दगड. पाण्याच्या वेगाने बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते काँक्रीट कुरतडतात, तसं झालं होतं. बोगद्याचं अस्तर फाटून मागचा मऊ कातळ उघडा पडला. सांडवा बंद ठेवायचा तर पाणी दारांवरून जाणार. मग सांडव्याच्या दारांवर चार फूट उंचीच्या प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या. पुढे त्या जागी आठ फुटी लोखंडी. १४ जुलैला पाणी ३,७०८ फुटांवर जाऊन थांबलं. जगातल्या सर्वांत कर्तबगार धरणखात्याचं धरण त्या उन्हाळ्यात सुताराच्या दुकानातल्या मालावर तगलं. एडवर्ड ॲबी या लेखकाने १९७५च्या कादंबरीत हे धरण उडवायची स्वप्नं पाहणारी पात्रं रंगवली होती, आणि १९८१ साली काही आंदोलकांनी भिंतीवरून तीनशे फूट लांब काळं प्लॅस्टिक सोडून तिला भेग पडल्याचा देखावा केला होता. दोन वर्षांत निसर्गाने प्लॅस्टिकशिवाय करून दाखवलं.

आणि करार. नोव्हेंबर १९२२मध्ये सात राज्यांनी नदी वाटून घेतली: वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर पाणी, हे तिथलं माप), खालच्या खोऱ्याला ७५ लाख. १९४४मध्ये मेक्सिकोला आणखी १५ लाख. हिशेब करताना जी वर्षं धरली ती ओली होती. या शतकात नदीत सरासरी सव्वाशे लाखांच्या आसपासच पाणी येतं. कागदावरची नदी आणि दरीतली नदी यांच्यातला हा फरक तळ्याने काही वर्षं झाकून धरला, एवढंच. पाणीवाटपाचे लवाद पाहिलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.

तळ्याला ज्यांचं नाव दिलं ते जॉन वेस्ली पॉवेल हा हिशेब आधीच सांगून बसले होते. यादवी युद्धात त्यांचा उजवा हात गेला. १८६९ साली एका हाताने, नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन ते ही अनोळखी नदी उतरून गेले. ग्लेन कॅन्यन हे नाव त्यांचंच. १८९३ साली लॉस एंजलिसमधल्या सिंचन परिषदेत त्यांनी सांगितलं, की ही सगळी जमीन भिजवायला पुरेसं पाणी इथे नाही. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. सत्तर वर्षांनी त्याच माणसाचं नाव त्याच नदीवरच्या जलाशयाला. पाटीवर नाव कोरलं की माणसाचं म्हणणं ऐकावं लागत नाही, ही सोय सगळीकडेच आहे.

यादीतून काही नोंदी खोडाव्याही लागतात. एस्कलांते खोऱ्यात एका घळीच्या टोकाला कॅथीड्रल इन द डेझर्ट नावाचं दालन आहे: वर कातळ मिटत आलेला, एक उजेडाची चीर, आणि त्यातून पडणारी बारीक धार. बुडालं ते चाळीसेक वर्षं. २००५च्या वसंतात पाणी उतरलं आणि धार पुन्हा दिसली. जुन्या छायाचित्रात होती त्याच जागी. नंतर पुन्हा बुडालं, पुन्हा वर आलं. आसपासच्या घळींत गाळ धुऊन गेला की आधी विलोची रोपं उगवतात, मग कॉटनवुड, ओलसर भिंतींवर नेचे. वर कॅटरॅक्ट कॅन्यनमध्ये तळ्याखाली मुके झालेले खळाळ एकेक करून पुन्हा बोलायला लागलेत. नाववाले त्यांची नोंद ठेवतात, कुठला या वर्षी परत आला याची.

गाळ मात्र खोडता येत नाही. मुख्य दरीत तो तीस-चाळीस फुटांच्या, काही ठिकाणी त्याहून उंच कड्यांसारखा उभा आहे. ओला असताना पाऊल टाकलं तर गुडघ्यापर्यंत आत, वाळला की फरशीसारख्या भेगा. नदीवाले त्याला डॉमिनी फॉर्मेशन म्हणतात. भूगर्भशास्त्रात खडकांच्या थरांना नावं देतात ना, त्या चालीवर. त्या साहेबांचं खरं स्मारक, असं त्यांचं म्हणणं. २०१८पर्यंत गाळाने जलाशयाची साठवण ६.८ टक्के खाल्ली होती. टीएमसीत सांगायचं तर ऐंशीच्या आसपास.

केटी ली नावाची गायिका होती. हॉलिवूड सोडून पन्नासच्या दशकात नदीवर आली, घळी पालथ्या घातल्या, कित्येकींना नावं दिली, धरणाविरुद्ध गाणी रचली. शेवटपर्यंत तिने या पाण्याला तळं म्हटलं नाही. २०१७मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती गेली. एकीकडे तिच्यासारखे, दुसरीकडे हाउसबोटीतले आजोबा. दोघेही एकाच दरीत गेलेल्या गोष्टींची यादी करतात. एकाची नोंद परत आली की दुसऱ्याची जाते. एकमेकांच्या यादीवर सही मात्र कुणी करत नाही.

रेनबो ब्रिजचंही तसंच. १९५६च्या कायद्यात लिहिलं होतं, की जलाशयाचं पाणी राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत येऊ नये. संरक्षणासाठी पैसे द्यायची वेळ आली तेव्हा संसदेने दिले नाहीत. पाणी कमानीखाली आलं. नवाहोंनी दावा लावला, आमच्या देवाच्या जागेत पाणी आणि पर्यटक आले म्हणून. १९८०मध्ये अपील कोर्टात ते हरले. आता पाणीच मागे गेलंय. धक्क्यावरून कमानीपर्यंत चालावं लागतं, आणि कमानीखालून जाऊ नये अशी विनंतीची पाटी आहे.

शेवटची नोंद म्यूझिक टेम्पलची. १८६९च्या ऑगस्टमध्ये पॉवेल आणि मंडळींनी सॅन हुआनच्या संगमाजवळ एका घळीत मुक्काम केला. आत घुमटासारखं दालन, तळाशी पाण्याचा डोह, आणि आवाज असा घुमणारा की पॉवेलच्या भावाने तिथे गाणी म्हटली. ओरॅमल हाउलंड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन या तिघांनी भिंतीवर आपली नावं कोरली. महिनाभरात, पुढचे खळाळ पाहून त्या तिघांनी होड्या सोडल्या आणि कड्यावर चढून निघून गेले. ते मारले गेले. बाकीचे दोन दिवसांत कॅन्यनबाहेर सुखरूप पोचले. तिघांची एवढीच खूण उरली होती, दगडातली.

धरणाची सर्वांत खालची दारं ३,३७४ फुटांच्या पातळीला आहेत. त्याच्या खालचं पाणी सोडायला भिंतीत वाट ठेवलेलीच नाही. त्याला आपल्याकडे मृतसाठा म्हणतात. म्यूझिक टेम्पल त्या पातळीच्या खाली आहे.